नाही दाब, पुढे चल

मित्रांनो, मला पेट्रोल लागत नाही, हॉर्न नाही, आणि माझ्यात बसून आजवर कोणी कुठे गेलेले नाही. तरी सगळे मला गाडीच म्हणतात. इस्पितळातल्या चार नंबर वॉर्डात नऊ वर्षे फिरलेली, संगणकाची जुनी गाडी म्हणजे मी. खाली पाच चाके, मध्ये लोखंडी दांडा, त्यावर कीबोर्डची फळी आणि सर्वांत वर पडदा. फळीखाली एक खण आहे. त्यात हातमोजे, चिकटपट्टी आणि कोणाचे तरी अर्धे बिस्किट असते.

माझा जन्म एका जागी झाला नाही. पडदा एका कारखान्यातून आला, चाके दुसऱ्या, बॅटरी तिसऱ्या. इस्पितळाच्या तळघरात संगणकवाल्याने एका दुपारी मला जोडले. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने खिशात टाकला. तेव्हापासून माझे मागचे डावे चाक किरकिरू लागले.

माझ्या आधी वॉर्डात कागदी केसपेपर होते. मोठ्या सिस्टरांची सत्तावीस वर्षे त्यांच्याबरोबर गेली होती. नुसत्या अक्षरावरून त्या सांगत, की हे कोणत्या डॉक्टरांनी लिहिले आणि लिहिताना ते किती घाईत होते. दुसऱ्यांनी पसंत केलेल्या सुनेकडे पाहावे तसे त्यांनी पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहिले. हिला विचारल्याशिवाय आता माणसाला आजारीसुद्धा पडता येणार नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

पण हळूहळू माझे चांगले दिवस आले. कोणाला कोणते औषध चालत नाही, हे मी लाल अक्षरांत दाखवत असे. एकदा तर टोचायला नेलेले इंजेक्शन माझ्यामुळे परत कपाटात गेले. त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी माझ्या पडद्यावरची धूळ पदराने पुसली. डॉक्टर येत, माझ्यात पाहत आणि ठरवत. मी सांगितले म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे सर्वांना वाटू लागले. मित्रांनो, खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटू लागले.

आता माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते.

नवा पेशंट भरती झाला की माझ्यात त्याची माहिती भरावी लागे. नाव, वय, वजन, आजार. त्यात एक प्रश्न होता: धूम्रपान करता का? उत्तरे तीन: हो, नाही, सोडले. ‘नाही’ दाबले की मी लगेच पुढच्या पानावर जाई. ‘हो’ दाबले की सहा नवे प्रश्न उघडत. रोज किती, किती वर्षे, उठल्यावर पहिली किती वेळाने, पूर्वी सोडून पाहिली होती का, आता सोडायची इच्छा आहे का, समुपदेशक बाईंना बोलावू का. सहाही भरल्याशिवाय मी पुढे सरकत नसे. संगणकवाल्याने मला तसेच शिकवले होते.

सकाळी पाच पाच पेशंट दाराशी ताटकळत. सलाइन संपलेल्यांच्या हाका वेगळ्या. मग सिस्टरांनी एक रीत पाडून घेतली. नवी सिस्टर आली की जुनी तिला कात्री कुठे असते, चादरी कुठे असतात ते दाखवी आणि माझ्याजवळ आणून म्हणे, “या प्रश्नाला नाही दाब, पुढे चल.”

त्यामुळे माझ्या माहितीप्रमाणे तीन वर्षांत आमच्या वॉर्डात सिगारेट ओढणारा एकही माणूस आला नव्हता. माझी उभी राहायची जागा खिडकीपाशी होती. तिथून धोबीखान्यामागचा लोखंडी जिना दिसे. त्याच्या खालच्या पायरीवर कॉफीचा एक रिकामा डबा होता, थोटकांनी काठोकाठ भरलेला. “जरा पाय मोकळे करून येतो,” असे म्हणून निघालेले माझे न ओढणारे पेशंट तिथे ओळीने उभे दिसत.

वॉर्डात अशीच आणखी एक रीत होती. दारावरचे भिंतीचे घड्याळ अकरा मिनिटे मागे होते. ते कोणी दुरुस्त करत नसे. सगळे मनात अकरा मिळवत. घड्याळ चुकते हे सर्वांना माहीत होते, म्हणून त्याने कोणाचे नुकसान केले नाही. मी चुकते हे मात्र डॉक्टरांना माहीत नव्हते.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला समुपदेशक बाईंची खोली होती. सिगारेट सोडायला मदत करण्यासाठी त्यांना खास नेमले होते. कोणी माझ्यात ‘हो’ दाबून सहावा प्रश्न भरला, की त्यांच्या टेबलावरच्या संगणकात घंटी वाजायची सोय होती. ती घंटी आठ महिन्यांत एकदाही वाजली नव्हती. बाईंची खोली रिकामीच असते, असे पाहून भांडारवाल्यांनी दोन जादा गाद्या तिथे भिंतीशी उभ्या केल्या होत्या. आणखी येणार होत्या.

अशा वेळी घड्याळवाले आले.

वय एक्केचाळीस. एका इमारतीच्या जिन्याखाली, दोन माणसे उभी राहतील एवढ्या जागेत ते मनगटी घड्याळे दुरुस्त करत. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचे टोक काळे-निळे पडले होते. सहा आठवडे जखम भरत नव्हती, आणि ठणका असा की त्यांनी डाव्या हाताने ते बोट धरूनच ठेवले होते. त्याच बोटाने आणि अंगठ्याने ते चिमटा धरत. ते बोट गेले म्हणजे दुकान गेले, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

बरोबर त्यांची थोरली बहीण होती. सगळे त्यांना ताईच म्हणू लागले. ताई शाळेची बस चालवत. आई गेल्यावर भावाला त्यांनीच वाढवले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना छातीचा आजार झाला, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून भावाने शपथ घेतली होती, की आजपासून सिगारेट बंद.

भरतीच्या सकाळी मला धाकटी सिस्टर चालवत होती. मनाने चांगली आणि पायाने भरभर. त्या दिवशी चाळीस मिनिटांत तिने तीन पेशंट घेतले. घड्याळवाल्यांना तिने वजन विचारले, ताप पाहिला, त्यांचा हात हळूच उशीवर ठेवला. आणि तो प्रश्न आला तेव्हा तिचे बोट आपोआप ‘नाही’वर पडले.

पुढचे पाच दिवस डॉक्टर कोड्यात होते. या वयात बोटाचे रक्त का थांबावे? साखर नाही, हृदय ठीक, सिगारेट नाही. तपासण्या झाल्या, पुन्हा झाल्या. पाचव्या दिवशी राउंडला माझ्या पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारले, “सिगारेट ओढत नाही तुम्ही, बरोबर?”

घड्याळवाल्यांनी ताईंकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. “संगणकात आहे ना,” ते म्हणाले.

मित्रांनो, ते खोटे बोलले नव्हते. त्यांच्यासाठी खोटे मी आधीच बोलून ठेवले होते.

काळेपणा वर सरकत होता. गुरुवारी बोटाचे टोक काढायचे ठरले.

बुधवारी दुपारी धाकटी सिस्टर शस्त्रक्रियेआधीची माहिती पडताळायला मला ढकलत आली. घड्याळवाले नुकतेच ‘पाय मोकळे करून’ आले होते. ताई बाजूला उभ्या होत्या. रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचायची सवय असलेल्या त्या बाईंनी माझा पडदाही वरपासून खालपर्यंत वाचून काढला. एका ओळीवर थांबल्या.

“हे ‘धूम्रपान: नाही’ यानं सांगितलं तुम्हाला?”

सिस्टरने ती ओळ पाहिली. हो म्हणणे सोपे होते. माझ्यातला कर्सर लुकलुकत होता. शेजारच्या पलंगावरचे आजोबा वर्तमानपत्र खाली करून ऐकू लागले.

“नाही,” ती म्हणाली. “मी विचारलंच नाही. विचारायच्या आधीच दाबलं.”

तिचे कान लाल झाले होते. पण तिने नजर खाली घातली नाही.

 ताई भावाकडे वळल्या. “दोन वर्षं तुझ्या शर्टाबद्दल मी काही बोलले नाही, म्हणून तुला वाटलं मला कायमची सर्दी झालीय?”

“तुला माहीत होतं?”

“माझ्या बसमध्ये चाळीस पोरं असतात. मागच्या सीटवर कोण काय खातंय, ते मला आरशात न बघता कळतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“लपवतोयस म्हणजे थोडी लाज शिल्लक आहे, असं वाटलं. लाज संपली असती तर घरातच ओढली असतीस.” एवढे बोलून त्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

धाकट्या सिस्टरने मग एक गोष्ट केली, जी माझ्यासमोर तीन वर्षांत कोणी केली नव्हती. तिने दुसरे स्टूल ओढले आणि त्यावर बसली. ‘नाही’ खोडले, ‘हो’ दाबले. सहा प्रश्न उघडले. ते तिने एक एक करून विचारले आणि प्रत्येक उत्तराची वाट पाहिली.

रोज किती? सव्वीस. पंचवीस लिहू का, असे तिने विचारले, तर घड्याळवाल्यांना ते पटले नाही. सव्विसावी दुकानाचे दार ओढताना असते, ती कशी सोडणार? किती वर्षे? एकोणीस वर्षे आणि चार महिने. उठल्यावर पहिली किती वेळाने? गजर बंद केल्यापासून चार मिनिटांत. माझ्यात आजवर इतकी काटेकोर उत्तरे कोणी भरली नव्हती. पूर्वी सोडून पाहिली होती का? दोनदा. एकदा अकरा दिवस, एकदा ताईच्या शपथेनंतर दीड दिवस. दीड दिवस ऐकून ताईंनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

सोडायची इच्छा आहे का? घड्याळवाल्यांनी बोटाकडे पाहिले. मग होकाराची मान हलवली. सहाव्या प्रश्नाला सिस्टरने माझी कळ अशी दाबली, की फळी हादरली.

तिसऱ्या मजल्यावर घंटी वाजली. समुपदेशक बाईंना आधी वाटले, लिफ्ट अडकली. मग पडद्यावरचे नाव पाहून त्या जिन्याने धावतच खाली आल्या. चष्मा डोक्यावर, एका हातात तल्लफ कमी करणाऱ्या औषधी पट्ट्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात, का कोण जाणे, झाडाला पाणी घालायचा मग.

“चुकून दाबलं का कोणी?” त्यांनी धापा टाकत विचारले.

“या वेळी चुकून नाही,” धाकटी सिस्टर म्हणाली.

बाईंनी उपदेश केला नाही. दंडावर पट्टी लावली आणि तल्लफ कशी येते ते सांगितले. ती लाटेसारखी वर चढते आणि तीन-चार मिनिटांत उतरते. तेवढी मिनिटे काढली की झाले.

“तीन का चार?” घड्याळवाल्यांनी विचारले.

“मोजून बघा आणि मला सांगा.”

मला वाटते, तिथेच बाईंनी त्यांना अर्धे जिंकले. मोजायला सांगितल्यावर तो माणूस नाही म्हणूच शकत नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर आले. माझ्यातली नवी ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि कपाळावर हात मारला. एक आजार असा असतो, त्यांनी समजावले, जो फक्त तंबाखूवर जगतो. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या तो बंद करत जातो. सिगारेट चालू असेल तर कितीही बोटे कापली तरी तो पुढच्या बोटाकडे वळतो. पूर्ण बंद केली तर थांबतो. गुरुवारची शस्त्रक्रिया त्यांनी दोन आठवडे पुढे ढकलली. बोट वाचेलच असे वचन नाही, पण एकही सिगारेट ओढलीत तर वाचणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. धाकटी सिस्टर खाली मान घालून उभी होती. तिला ते म्हणाले, “तू एकटीच चुकली नाहीस. मीही या पडद्याला विचारलं, यांना नाही.”

पुढचे दिवस मजेचे आणि अवघड, दोन्ही होते. घड्याळवाल्यांना उशीखालच्या वहीत तल्लफा लिहायची सवय लागली. पहिली चार मिनिटे दहा सेकंद. दुसरी तीन पन्नास. पण मधल्या वेळात हातांना काम हवे होते. दारावरचे घड्याळ पाहून त्यांचे हात आधीपासूनच शिवशिवत होते. ते त्यांनी उतरवून घेतले. उजवे बोट कामाचे नव्हते, म्हणून चिमटा ताईंच्या हातात दिला आणि त्या चुकल्या की बस चालवतेस की घड्याळ, असे सुनावू लागले. ताईंचे उत्तर ठरलेले होते: बसला निदान ब्रेक असतो.

घड्याळ बरोबर चालू लागले, आणि दोन दिवस वॉर्डात गोंधळ उडाला. सगळे सवयीने अकरा मिळवतच होते. औषधे लवकर आली, चहा लवकर आला. राउंडला लवकर पोहोचलेल्या डॉक्टरांना आजोबा अर्धी दाढी केलेले सापडले.

मग घड्याळवाल्यांचे लक्ष माझ्या चाकाकडे गेले. त्यांनी मला आडवे केले, कान लावला आणि सांगितले, इथे एक स्क्रू कमी आहे. संगणकवाल्याला बोलावले. तो आला आणि गुडघ्यावर बसून पाहू लागला. मग त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. माझा स्क्रू त्याने शुभशकुन म्हणून त्यात ओवून ठेवला होता. तो परत जागी बसला. मी इतकी गुपचूप चालू लागले, की दुसऱ्या दिवशी तीन पेशंट दचकले.

आठव्या दिवशी मात्र घड्याळवाले पलंगावर नव्हते. ताई मुलांना शाळेत सोडायला गेल्या होत्या. धाकट्या सिस्टरने खिडकीतून पाहिले आणि तिचा हात माझ्या दांड्यावर घट्ट झाला. लोखंडी जिन्यावर ते उभे होते. डाव्या हातात सिगारेट. कोणाकडून तरी मागून घेतलेली, अजून न पेटवलेली. मनगटावरच्या घड्याळावर नजर.

सिस्टर हाक मारणार होती. मोठ्या सिस्टरांनी तिला अडवले. आजोबा पलंगावरून उतरून आले. आम्ही सगळे खिडकीशी उभे. मित्रांनो, माझ्यात हजारो लोकांच्या नाडीचे आकडे होते, पण त्या वेळी आमच्या नाड्या मोजायला कोणी मोकळे नव्हते.

बऱ्याच वेळाने त्यांनी ती सिगारेट तशीच, न पेटवता, कॉफीच्या डब्यात उभी खोचली आणि वर आले. दारात आम्हा सर्वांना पाहून ते ओशाळले.

“पाच मिनिटं वीस सेकंद,” ते म्हणाले. “आजवरची सर्वांत लांब.”

मोठ्या सिस्टरांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांच्याकडून एवढे म्हणजे सत्कारच.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी बोट पाहिले. काळेपणा तिथेच थांबला होता. कडेला गुलाबी कातडी दिसत होती. शस्त्रक्रिया रद्द झाली. ताईंनी त्या दिवशी बस वॉर्डाच्या खिडकीखाली आणून तीनदा हॉर्न वाजवला. इस्पितळात हॉर्न वाजवू नये, अशी पाटी तिथे आहे, आणि ती त्यांनी वाचली नसेल असे मला वाटत नाही.

त्यानंतर मोठ्या सिस्टरांनी संगणकवाल्याला माझ्यासमोर बसवले. ‘हो’नंतरचे सहा प्रश्न कमी करून दोन ठेवायला लावले. बाकीचे समुपदेशक बाई स्वतः सवडीने विचारणार होत्या. आणि चौथे उत्तर घालायला लावले: ‘अजून विचारले नाही’. ते दाबले की मी पुढे जात असे, पण दर चार तासांनी पडद्याच्या कोपऱ्यात आठवण करून देत असे. पेशंट घरी गेल्यावर कोणाला कोणत्या दिवशी फोन करायचा, हेही मी बाईंना सांगू लागले.

पहिल्या वर्षी वॉर्डातल्या दोनशे चौदा जणांनी ‘हो’ सांगितले. एकशे तीस जणांनी बाईंची मदत घेतली. वर्षअखेरीस त्यातले चौतीस जण सोडून राहिले होते. बाकीचे पुन्हा ओढू लागले, काही पुन्हा आले, एक रंगारी तर चार वेळा आला. बाई दर वेळी त्याचे स्वागत पहिल्यांदाच आल्यासारखे करत. कॉफीचा डबा धोबीखान्यातल्या बाईंनी धुऊन त्यात झाड लावले.

आता वॉर्डात हातात मावणारे पातळ पडदे आले आहेत. माझी बॅटरी अकरा मिनिटे टिकते, म्हणून मी तिसऱ्या मजल्यावर, समुपदेशक बाईंच्या खोलीत, भिंतीतल्या वायरला बांधलेली उभी असते. त्या दोन गाद्या अजून आहेत. त्यांच्यावर आता लोक बसतात. काही दिवस मला फार चुकल्यासारखे वाटले. वॉर्डाची रपेट नाही, राउंड नाही. कोणीतरी माझ्यावर कोटही टांगू लागले.

मग मागच्या आठवड्यात दार उघडले आणि ताई आत आल्या. मागून घड्याळवाले. त्यांचे बोट मी आधी पाहिले. टोकाशी थोडे बारीक, नख वाकडे, पण पूर्ण. आल्या आल्या त्यांनी माझ्यावरचा कोट उचलून खुंटीला लावला आणि माझे चाक पायाने फिरवून पाहिले.

बाईंनी त्यांचे पान उघडले. तो प्रश्न आला. बाईंनी तो विचारला आणि थांबल्या.

“पाचशे बावन्न दिवस,” ते म्हणाले.

“आणि सकाळ,” ताई म्हणाल्या. “सकाळ पण धर त्यात.”

मग घड्याळवाल्यांनी विचारले, मी दाबू का? बाई बाजूला झाल्या. मला वाटले होते ते डावा हात वापरतील. त्यांनी उजवा पुढे केला आणि त्याच वाकड्या नखाच्या बोटाने, घड्याळाचा काटा बसवावा तसे हळूच, ‘सोडले’ दाबले.

मित्रांनो, माझ्या कळांवर लाखो बोटे पडली. ते बोट मी विसरणार नाही.

तुमच्या शाळेत, दुकानात, कचेरीत माझी भावंडे असतील. त्यांना ओल्या फडक्याने पुसू नका, त्यांच्यावर कोट टांगू नका. आणि त्यांच्यात एखाद्या माणसाविषयी काही लिहायच्या आधी त्या माणसाला विचारा. विचारून झाले की त्याच्याकडे पाहा आणि तो बोलेपर्यंत थांबा. तोवर आम्ही थांबतो. आमचा कर्सर तेवढ्यासाठीच लुकलुकत असतो.